कणीस दाखवायचा दिवस

थंडी पडली की मला लोकांच्या डोळ्यांकडे बघायची सवय लागते. बसस्टॉपवर, किराणा दुकानात, कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेले तरी. समोरची बाई आपल्या सुनेचं काहीतरी सांगत असते आणि मी तिच्या बुबुळावर कुठे पांढुरकी साय धरली आहे का ते शोधत असते. एकदा एकीनं विचारलंच, काय गं, माझ्या डोळ्यात कुसळ गेलंय काय? मी ओशाळून काहीतरी बोलले आणि उठले.

हुबळीतल्या या नवनगरला राहायला येऊन आता बरीच वर्षं झाली. सकाळी धारवाडकडून कोरडा वारा येतो, ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे कडक होतात. रस्त्याकडेला बायका ओल्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बसतात. संक्रांत जवळ आलेली असते. शेतात जोंधळ्याची कणसं भरलेली असतात. कोवळी कणसं भाजून खायची तर आमच्या लातूरकडं त्याला हुरडा म्हणतात, इथं शीतनी म्हणतात. शब्द बदलला तरी धुराचा वास तोच. सगळे या दिवसांची वाट बघतात. मला मात्र दिवाळीचे दिवे विझले की हे दिवस नकोसे वाटायला लागतात.

मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा तालुक्याला होती आणि मुलीला एकटीला एवढं लांब कोण पाठवणार. मग लग्न झालं आणि तालुका तर राहोच, मी राज्य ओलांडून हुबळीत येऊन पडले. यांना गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात लेथवर काम होतं. आमच्या गल्लीत सगळं कन्नड. पहिले काही महिने मी मुक्यासारखी काढले. दुकानात बोट दाखवायचं, मान हलवायची. कुणी माझ्याकडे बघून हसलं की वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं.

अशातच यांचा हात मशीनमध्ये सापडला. दवाखान्यात मी यांच्या उशाशी बसले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि ते कुणाला सांगायचं, कुठल्या भाषेत सांगायचं, हेही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात एक जाडजूड बाई हातात डबा घेऊन आली. मोठं कुंकू, इरकलीचा पदर खोचलेला. तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "खा की गं. नवरा बरा व्हायला बायको उपाशी कशाला पाहिजे?" डब्यात भाकरी आणि एण्णेगाई होती, भरल्या वांग्याची भाजी. त्या शांताक्का. दवाखान्यात रोग्यांपाशी बसणाऱ्या नातेवाइकांना जेवण पोचवणं हे त्यांच्या क्लबाचं एक काम होतं. यांचा हात बरा झाला, दोन बोटं वाकडी राहिली तेवढीच. डबे बंद झाले तशी मीच एक दिवस देशपांडे नगरात क्लब शोधत गेले आणि शांताक्कांना म्हटलं, मला भाकरी थापता येतात.

क्लब म्हटलं की डोळ्यांपुढं पत्ते आणि बॅडमिंटन येतं. आमचा क्लब म्हणजे एका कापडदुकानाच्या मागची खोली. कापडाचा कोरा वास, भिंतीला टेकवलेल्या सतरंज्या, आणि वर कन्नड आणि मराठी अशा दोन्ही लिप्यांत रंगवलेली पाटी: न मागता द्यावे. दर रविवारी तिथं बैठक व्हायची. डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी, सगळी मोठी माणसं. पण नियम असा, की पैसे देऊन सुटायचं नाही, स्वतःच्या हातानं काम करायचं. उन्हाळ्यात पाणपोईवर कापडवाले शेठ स्वतः तांब्या धरून उभे असत. पावसाळ्यात शाळेच्या पुस्तकांना प्राध्यापक खळ लावून कव्हरं घालत. मी कितवी शिकले आहे हे तिथं कुणी मला विचारलं नाही. शिकलेल्या माणसांत उभी राहिले की माझे हात कुठं ठेवावेत ते मला कळत नाही. तिथं हाताला सतत काम असायचं, त्यामुळं तो प्रश्नच आला नाही.

पण क्लबाचा जीव होता तो थंडीतल्या डोळ्यांच्या शिबिरात. क्लब सुरूच त्यापायी झाला होता. देसाई वकील म्हणून होते, उंच, वाकून चालणारे. त्यांच्या आईला मोतीबिंदू होता. तेव्हाचा समज असा, की डोळा थंडीतच कापायचा, उन्हाळ्यात पिकतो, पावसाळ्यात चिघळतो. एका थंडीत घरात लग्न निघालं, एका थंडीत सुगीची घाई, एका थंडीत वकिलांची मोठी केस. पुढच्या थंडीत करू, पुढच्या थंडीत करू, असं म्हणता म्हणता म्हातारी आंधळीच गेली. हे वकील स्वतः सांगायचे, प्रत्येक नव्या माणसाला, काही लपवून न ठेवता. म्हणून त्यांनी चार मित्र जमवले आणि ठरवलं, की दर थंडीत शिबिर होईल, काहीही अडचण आली तरी.

धनुर्मासात लग्नं नसतात. मंगल कार्यालयं रिकामी पडतात. तिथंच शिबिर भरायचं. नवरीच्या खोलीत ऑपरेशन, जेवणाच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर रोग्यांच्या रांगा, आणि मांडवाच्या खांबांना गेल्या लग्नातली वाळलेली आंब्याची पानं तशीच लटकलेली. कलघटगी, नवलगुंद, खानापूर, कुठून कुठून म्हातारी माणसं यायची. त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे. नखं काढायचं काम वकिलांचं. कोर्टात काळा कोट घालून उभा राहणारा माणूस एकेका शेतकऱ्याचा फुटलेला पाय मांडीवर घेऊन नखं काढत बसायचा. त्या म्हाताऱ्यांना ते सोसायचं नाही. पाय आखडून घ्यायचे. वकील म्हणायचे, हलू नका हो, बोट कापलं तर माझ्यावर केस घालाल.

शेवटचा दिवस कणसाचा. क्लबाच्या पहिल्या शिबिरात पहिल्या रोग्याची पट्टी सोडली तेव्हा समोर कुणीतरी जोंधळ्याचं कणीस घेऊन उभं होतं, रोग्याच्या घरूनच आलेलं. तो म्हातारा डोळे किलकिले करून म्हणाला, जोळद तेनी. जोंधळ्याचं कणीस. वकिलांच्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण त्यांची आई शेवटी शेवटी हातानं चाचपून तेवढं एकच ओळखायची. तेव्हापासून रीतच पडली. पट्टी सुटली की वकील समोर येऊन कणीस धरणार, विचारणार, हे काय? म्हातारी माणसं सांगणार आणि सगळा हॉल टाळ्या वाजवणार. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा भाताच्या पातेल्याशी उभी राहून रडले. इतकं चांगलं काही मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

म्हणूनच एका दिवाळीला गावी गेले तेव्हा आबांना घेऊन आले.

आबा म्हणजे माझे वडील. आम्ही बुरूड. सुपं, दुरड्या, कणग्या विणायच्या. एक डोळा तरुणपणीच बांबूची चीप उडून गेलेला. उरलेल्या डोळ्यात आता मोतीबिंदू पिकला होता. विणणं हाताला पाठ असतं, त्याला डोळा नसला तरी चालतं. पण बांबू फोडायला, त्याच्या एकसारख्या कांबट्या काढायला नजर लागते. आबा कांबट्यांसाठी शेजाऱ्याच्या दारात बसायला लागले होते. ज्यानं साऱ्या पंचक्रोशीला कणग्या पुरवल्या तो माणूस दुसऱ्याच्या उरल्यासुरल्या कांबट्यांची वाट बघत बसायचा. गाडीत मी त्यांना क्लबाचं सगळं सांगत आले. ते खिडकीकडं तोंड करून ऐकत होते. म्हणाले, एवढी मोठी माणसं, आन् आपल्यापायी राबतेत?

आबांना क्लबात सगळ्यांनी लगेच आपलं केलं. शांताक्का त्यांना अप्पा म्हणायला लागल्या. वकिलांनी नखं काढली तेव्हा आबा अंग चोरून बसले होते, देवळात बसावं तसे. ऑपरेशन झालं. बाहेर आले तेव्हा डोळ्यावर पट्टी आणि तोंडावर हसू.

त्या काळी डॉक्टरांची पद्धत अशी होती, की पट्टी बांधली की कणसाच्या दिवसापर्यंत तिला हात लावायचा नाही. फक्त ठणकलं, डोकं धरलं, मळमळलं, तर लगेच सांगायचं. सगळी भिस्त त्या सांगण्यावर. दोन्ही भाषा जमू लागल्यामुळं ते विचारायचं काम माझ्याकडं होतं. रांगेतून फिरायचं आणि प्रत्येकाजवळ वाकून म्हणायचं, नोव ऐतेन्री? दुखतंय का? सगळे म्हणायचे इल्ल, नाही. आबाही म्हणायचे, नाही गं, मजेत हाय. आडवं पडल्या पडल्या त्यांची बोटं चादरीच्या दशा विणत असायची. मी विचारायची तेव्हा ती थांबायची, मी पुढं गेले की पुन्हा सुरू. मला वाटायचं, हाताला काम नाही म्हणून.

गंगव्वा नावाची एक म्हातारी त्याच रांगेत होती. ती तोंडात पदराचा बोळा धरून पडायची. मी विचारलं तर म्हणाली, दात शिवशिवतात. तिला तर दातच नव्हते. शांताक्कांना सांगितलं तेव्हा त्याही हसल्या आणि मीही हसले.

कणसाच्या दिवशी डॉक्टर दुसऱ्या गावी अडकले. येतो येतो म्हणून निरोप येत होते. पाहुणे येऊन बसले होते, हार सुकत होते, रोग्यांना न्यायला बैलगाड्या, टेम्पो दारात उभे होते. शेवटी डॉक्टरांच्या मदतनिसानं पट्ट्या सोडायला घेतल्या. डोळे सगळ्यांचेच लाल होते, थोडे लाल असतातच. वकील कणीस घेऊन पहिल्या रोग्यासमोर उभे राहिले. हे काय? जोळद तेनी. टाळ्या. दुसरा. जोळद तेनी. टाळ्या. गंगव्वानंही तेच सांगितलं. टाळ्या. आबांची पाळी आली तशी मी भाताचं पातेलं सोडून पुढं झाले. वकील मराठीत म्हणाले, काय हो आबा, काय दिसायलंय? आबा थोडं थांबले, मान वर केली आणि म्हणाले, "जोंधळ्याचं कणीस हाय की, मालक."

शांताक्कांनी मला मिठी मारली. माझ्या पदराला भात लागला होता, तो त्यांच्या इरकलीला लागला. तो क्षण मला अजून तसाच्या तसा आठवतो, आणि तो आठवला की काय करावं ते मला सुचत नाही. कारण तेवढा वेळ मी खरोखर सुखी होते.

दुपारी डॉक्टर आले. ओळीनं बॅटरी मारत निघाले. आबांच्या डोळ्यापाशी थांबले. पुन्हा बॅटरी मारली. मग कणीस मागून घेतलं नाही, काही नाही, नुसता आपला हात आबांसमोर धरला आणि विचारलं, हे काय? आबांनी तेच सांगितलं. जोंधळ्याचं कणीस.

कणीस तर एकच होतं, वर्षानुवर्षं तेच. पहिल्या रोग्यानं ओळखलं की बाकीच्यांना नुसतं ऐकावं लागत होतं. इतक्या शिकल्यासवरल्या माणसांच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं, कारण त्यांना परीक्षा घ्यायचीच नव्हती. त्यांना आनंद बघायचा होता.

डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून दुखतंय? आबा म्हणाले, पहिल्या रातीपासून. मग सांगितलं का नाही? आबा मी उभी होते त्या बाजूला तोंड फिरवून म्हणाले, "लेकीच्या माणसांनी एवढं केलं. पाय धरून नखं काढली. त्यांना दुखतंय म्हणून कसं सांगावं, साहेब?"

त्या रांगेतल्या आणखी काहीजणांचं तेच निघालं. सगळ्यांनी सोसलं होतं. गंगव्वानं कन्नडमध्ये जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की घरी सून ताट सरकवते, इथं हातात देतात. अशा ठिकाणी रडगाणं गायला तिला लाज वाटली. वकिलांच्या गाडीतून सगळ्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. औषधं झाली, सुया झाल्या. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी कळलं असतं तर. चौकशी झाली. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी औषधाला, कुणी त्या नवरीच्या खोलीला. नक्की काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. आबांचा डोळा आत आत जात राहिला, वाळलेल्या आवळ्यासारखा, आणि मग दिसायची आशाच संपली.

वकील आमच्या घरी आले. तेव्हा गोकुळ रोडच्या मागं दोन खोल्या होत्या आमच्या. ते आबांच्या समोर जमिनीवर बसले, खुर्ची दिली तरी घेतली नाही. मी चहा टाकला. मग वकील म्हणाले, "शिव्या द्या हो आबा. दोन शिव्या तरी द्या."

आबा म्हणाले, "शिव्या कशापायी? तुम्ही काय मुद्दाम केलंत का? चा घ्या."

मला वाटलं होतं आबा चिडतील. मला हवंही होतं ते. मी तरी कुणावर चिडणार होते? शांताक्कांवर? ज्यांनी मला उपाशी असताना डबा दिला त्यांच्यावर? वकिलांवर? ते माझ्यासमोर रडत होते. राग यायला समोर कुणीतरी वाईट माणूस लागतो. तो मला आजतागायत सापडलेला नाही. उपकार इतके चहूबाजूंनी होते, की त्यात उभं राहायला जागा नव्हती, मग हात उगारणं लांबच.

त्यानंतर क्लबात एक बैठक झाली. वकिलांनी एकच प्रश्न ठेवला: ज्यांना आपण देतो, त्यांनी आपल्याला नाही म्हणावं, दुखतंय म्हणावं, यासाठी काय करायचं? कुणी म्हणालं, जास्त वेळा विचारू. मी तर विचारत होतेच. कुणी म्हणालं, थोडे पैसे घेऊ, म्हणजे हक्कानं बोलतील. त्यावरून वाद झाला. पुढच्या रविवारी माणसं कमी आली. शिबिर पुन्हा झालं नाही. पाणपोई दोनतीन उन्हाळे चालली, पण वकील तिथं आलेल्याला पाणी दिलं की विचारायचे, गार आहे का, चांगलं आहे का, खरं सांगा. लोक घाबरून, चांगलं आहे साहेब, म्हणून निघून जायचे. मग वकीलही यायचे थांबले. मुलांपाठोपाठ कुणी बेंगळुरूला गेलं, कुणी पुण्याला. शांताक्का वारल्या. कापडदुकानाच्या मागच्या खोलीत मोबाइलचं दुकान आलं तेव्हा मी एकदा आत डोकावले. पाटी होती त्या जागेवर काचेचं कपाट होतं. दुकानातला मुलगा म्हणाला, काय पाहिजे अक्का? मी म्हटलं, काही नाही.

आबा गावी परत गेले. शेजारी कांबट्या काढून द्यायचे, आबा विणायचे. पुढं तेही थांबलं. पण बोलणं थांबलं नाही. पारावर बसून ते सगळ्यांना हुबळीचं सांगायचे. कसा गरम भात वाढतात. कसं वकील पाय मांडीवर घेतो. आपल्या लेकीला तिथं काय मान आहे. डोळा गेला हे गावाला दिसतच होतं, तरी आबांच्या तोंडून क्लबाबद्दल वाकडा शब्द कुणी ऐकला नाही.

म्हणूनच, डोळा गेला त्याच्या पुढच्याच थंडीत सोपानकाका माझ्या दारात उभे राहिले. आमच्या आळीतले, आबांच्या वयाचे. काखेत वळकटी, सोबत नातू. दोन्ही डोळ्यांवर साय. म्हणाले, तुझ्या आबानं पाठवलंय, तिथं माणसं लई चांगली हायेत म्हणला.

मी म्हटलं, काका, आबांना दिसत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?

"माहीत हाय की," ते म्हणाले. "पण नशिबाचं काय सांगता येतंय? माणसं तर चांगली हायेत."

त्यांना सांगावं लागलं, की शिबिर आता होत नाही. क्लबच आता नसल्यासारखा आहे. खासगी दवाखान्याचा खर्च त्यांनी विचारलाही नाही. वळकटी मांडीवर घेऊन बसून राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, मग आता कुठं जायचं गं? आजही कुणी तसं विचारलं तर मला सांगता येणार नाही. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला परत पाठवायचं होतं, तर निदान जेवू घालून पाठवावं म्हणून मी भात टाकला, आमटी केली. हात चालत होते, चित्त ठिकाणावर नव्हतं.

नातवाला भूक नव्हती, तो खेळायला बाहेर पळाला. काकांना मी वाढलं. ते सावकाश जेवले, ताट बोटांनी चाचपून शेवटचं शीत उचललं. मी विचारलं, कसं झालंय काका? म्हणाले, लई चांगलं झालंय पोरी, सुखी राहा.

संध्याकाळच्या गाडीला त्यांना बसवून आले, मग मी जेवायला बसले. पहिला घास घेतला. आमटीत मीठच नव्हतं.